नाताळ : शब्दाची, तारखेची आणि करंजीची कुळकथा

'नाताळ' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की तो परका असेल अशी शंकासुद्धा मनाला शिवत नाही. शाळेत असताना दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही नाताळच्या सुट्टीचे दिवस मोजू लागत असू. तो सण कोणाचा, कशाचा, हे खेड्यातल्या आम्हा मुलांना ठाऊक नव्हते. सुट्टी मात्र आमची होती. मूळ शब्द पोर्तुगीज 'नाताल', आणि त्याच्या मागे लॅटिनमधील 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. पाव, बटाटा, पगार, चावी, फीत, घमेले, फार काय 'तुरुंग'सुद्धा पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला. तेव्हा नाताळला एकट्याला परका ठरवायचे तर पगारही परत करावा लागेल, आणि त्याला कोणी तयार होईल असे वाटत नाही!

हा विषय मला सुचला तो वर्गात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'वर सर बोलत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "पण सर, हे सगळे बाहेरचेच ना? सणही बाहेरचा आणि पुराणही बाहेरचे." सर हसले आणि पुढे गेले. आमच्या वर्गात छावणीत राहणारी एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. एरवी ती तासाला हटकून प्रश्न विचारते. त्या दिवशी ती वहीत काहीतरी गिरवीत बसली होती. तास संपल्यावर मी तिला सहज विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आमच्या आजीला जाऊन सांगा हे. पाच पिढ्या जालन्याकडच्या मातीत गेल्या तिच्या." त्या दिवसापासून मी ग्रंथालयात नाताळच्या मागे लागलो. हाती लागले ते इतके चमत्कारिक आणि मौजेचे आहे, की आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवल्याशिवाय राहवत नाही.

आधी त्या शब्दाचीच गोष्ट पुरी करू. वास्को द गामा हिंदुस्थानच्या शोधात निघाला, तेव्हा १४९७ च्या नाताळच्या सुमारास त्याची गलबते आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळून चालली होती. म्हणून त्या किनाऱ्याला नाव पडले नाताल. गांधीजींनी जेथे वकिली केली, ते हेच नाताल. ब्राझीलमध्ये आणखी एक नाताल शहर आहे. ते १५९९ साली २५ डिसेंबरला वसले. गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. त्याच्या मागोमाग आलेल्या पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई घेतली, आणि चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकेपर्यंत दोनशे वर्षे ते तेथे राहिले. एकाच शब्दाने आफ्रिकेत प्रांत वसवला, अमेरिकेत शहर वसवले आणि आपल्याकडे सुट्टी आणली. इकडे मराठवाड्यात निजामी अमलामुळे हिंदी-उर्दू वळणाचा 'बडा दिन' हा शब्दही चालत आला. दिवस मोठा होऊ लागतो म्हणून बडा, की सण मोठा म्हणून बडा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला पहिला अर्थ जास्त आवडतो, कारण तो आपल्याला तारखेच्या प्रश्नाकडे नेतो.

येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला असे बायबलमध्ये कोठेही लिहिलेले नाही. महिना नाही, ऋतू नाही, वर्षही नाही. पहिल्या दोनअडीचशे वर्षांतल्या ख्रिस्ती लोकांना जन्मदिवस साजरा करण्याचे अगत्यही नव्हते. त्यांचा सण म्हणजे पुनरुत्थानाचा, ईस्टरचा. २५ डिसेंबर ही तारीख प्रथम भेटते ती रोममध्ये, इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातील नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते असे विद्वान मानतात. त्याच संग्रहात त्याच तारखेला 'अजिंक्याचा जन्मदिवस' असेही लिहिले आहे, आणि हा अजिंक्य म्हणजे सूर्य. ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचे देऊळ बांधून त्याची पूजा राजमान्य केली होती. यावरून एक पक्ष म्हणतो, सूर्याचा उत्सव ख्रिस्ती लोकांनी आपलासा केला. दुसरा पक्ष म्हणतो, तसे नव्हे. मरियेला गर्भ राहिला तो दिवस २५ मार्च असे आधी ठरले होते, त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. हा वाद अजून मिटलेला नाही. मला दुसऱ्या पक्षाचे गणित पटण्याजोगे वाटते, पण २५ मार्च तरी का, असे विचारले की उत्तर पुन्हा सूर्याशीच येऊन थांबते. रोमनांच्या कालगणनेत २५ मार्च हा वसंतसंपाताचा आणि २५ डिसेंबर हा उत्तरायणारंभाचा परंपरागत दिवस होता.

उत्तरायण म्हटले की मराठी माणसाला संक्रांत आठवते. येथे एक विलक्षण साम्य आहे, ते मी जरा विस्ताराने सांगतो. आपली मकरसंक्रांतही मुळात उत्तरायणाशी जोडलेली. पण आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. हा घोटाळा का? कारण आपली संक्रांत नक्षत्रांवरून मोजतात, ऋतूंवरून नव्हे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो, त्यामुळे सुमारे ७२ वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आजच्या पंचांगातील अयनांश धरून मागे मोजत गेले तर संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी येत होते ते सुमारे इ. स. २८५ साली. ऑरेलियनचे सूर्यमंदिर २७४ सालचे! योगायोगच खरा, पण तो कळल्यावर मी वही मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

तिकडे रोमन पंचांगाचेही तेच झाले. जुलियस सीझरने वर्ष ३६५ दिवस सहा तासांचे धरले. ते खऱ्या वर्षाहून अकरा मिनिटांनी मोठे. चारशे वर्षांत तीन दिवसांचा फरक पडत पडत सोळाव्या शतकात सण ऋतूंपासून चांगलेच दूर गेले. मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली एकदम दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. पण रशियासारख्या देशांतील चर्चने जुनेच पंचांग धरून ठेवले. त्यांचा २५ डिसेंबर आता आपल्या ७ जानेवारीला येतो आणि २१०१ सालापासून ८ जानेवारीला येईल. संक्रांतीसारखाच तोही पुढे पुढे सरकतो आहे. आर्मेनियन चर्च तर जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही सण ६ जानेवारीलाच एकत्र करते, आणि ती प्रथा फार जुनी आहे.

वर्षाची कथा त्याहून गमतीची. इसवी सन मोजण्याची रीत डायोनिसियस एक्झिगस नावाच्या मठवाशाने ५२५ साली काढली. बायबलनुसार येशू जन्मला तो हेरोद राजाच्या हयातीत, आणि हेरोद वारला तो बहुधा इ. स. पूर्व ४ मध्ये. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळात झाला, असे इतिहासाच्या पेपरात लिहिण्याची पाळी येते.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. मला सर्वांत अधिक चकित केले ते येथील इतिहासाने. इकडे ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला नाही. तो एकोणिसाव्या शतकात आला आणि तोही निरनिराळ्या वाटांनी. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते. जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी उभे केले. हे १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तेथे बेथेल नावाचे गाव वसवले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती परिषदेत ते पागोटे घालून बोलले, तेव्हा लोक बघतच राहिले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीतर्फे १८६० नंतरच्या दशकात काम सुरू केले ते रतनजी नवरोजी या पारशी धर्मांतरिताने. आणि त्याच शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या बाजूने आले ते फ्रान्सलियन, म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने १८३८ साली ॲनेसी येथे स्थापन झालेल्या संघाचे कॅथलिक पाद्री. जालना रोडवरील सेंट फ्रान्सिस शाळेचे नाव ज्यांच्यावरून पडले तेच हे संत.

यात मौज ती पुढेच आहे. नगरचे अमेरिकन आणि जालन्याचे स्कॉटिश हे ज्या परंपरेतून आले, ती नाताळविरोधी होती! प्युरिटन मताच्या लोकांना नाताळ म्हणजे बायबलात नसलेले थोतांड वाटे. इंग्लंडात त्यांचे राज्य होते तेव्हा १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा सण रद्द केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता, आणि नगरचे मिशन त्याच मॅसॅच्युसेट्सच्या धर्मपरंपरेतले. तेथे नाताळला सरकारी सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. स्कॉटलंडात तर १९५८ पर्यंत ती नव्हती. जे लोक आपल्या घरी नाताळ फारसा पाळत नव्हते, त्यांच्या शिष्यांनी गोदावरीच्या खोऱ्यात तो आठ-आठ दिवस पाळावा, हे कसे झाले?

माझे मत असे, की हा सण मिशनऱ्यांनी दिला त्याहून जास्त येथल्या लोकांनी घेतला. ज्या समाजात रामजन्म आहे, गोकुळाष्टमी आहे, पाळणा म्हणण्याची चाल आहे, तेथे देवाच्या जन्माचा दिवस कोणी कोरडा कसा जाऊ देईल? मिशनरी प्रार्थनेची वेळ ठरवून देत. टाळ, मृदंग आणि पेटी लोकांनी आणली. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहून त्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली, अभंगांच्या वळणाची भजने लिहिली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात ती आजही आहेत. कीर्तनकार उभा राहतो, पूर्वरंग-उत्तररंग रंगतो, फक्त आख्यान बेथलेहेमचे. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना लक्ष्मीबाईंच्या घरात जुने आणि नवे कसे एकत्र नांदत होते ते निराळे सांगायला नको. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातील अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल वगैरे मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. दंड करणाऱ्यांचे आणि सण पाळणाऱ्यांचे वारस एका छपराखाली आले. तोवर नाताळचा वाद कधीच संपला होता.

आणि ज्याच्यावरून वर्गात बोलणे निघाले ते 'ख्रिस्तपुराण' तरी काय सांगते? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे ऐकायला मिळेनात, म्हणून ते हळहळत. त्यांच्यासाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. तो १६१६ साली राचोलला छापला गेला, रोमन लिपीत, पण भाषा मराठी. स्वर्गाला तो 'वैकुंठ' म्हणतो. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या तर आपण पाठच करतो. म्हणजे बेथलेहेमच्या गोठ्याचे वर्णन मराठी ओवीत होऊन चारशे वर्षे उलटली. तुकाराम महाराज त्या वेळी लहान होते. इतक्या जुन्या भाडेकरूला कोणता कायदा घराबाहेर काढील?

गोठ्यावरून आठवले. बायबलातील जन्मकथेत गोठा नाहीच! लूककृत शुभवर्तमानात एवढेच आहे, की उतारशाळेत जागा नसल्याने बाळाला गव्हाणीत ठेवले. गव्हाण आहे म्हणून लोकांनी गोठा कल्पिला. बैल आणि गाढव तर मागाहूनच आले. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात बैल आपल्या धन्याला व गाढव आपल्या गव्हाणीला ओळखते असा जो उल्लेख आहे, त्यावरून. शहरी वाचकाला गव्हाणीत बाळ म्हणजे फारच हाल वाटतात. पण मराठवाड्यातल्या जुन्या माळवदी घरांत बैल आणि माणसे एकाच दारातून आत येत, गव्हाण घराच्या आतच असे. पॅलेस्टाइनमधील शेतकऱ्यांची घरेही अशीच असत असे अभ्यासक म्हणतात. ज्यांना आधी बातमी मिळाली ते मेंढपाळ रात्री रानात राखण करीत होते. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवणारे आमचे धनगर ज्याने पाहिले आहेत, त्याला ते चित्र समजावून द्यायला नको.

हा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेचो गावी १२२३ साली सुरू केली. त्यांनी मातीच्या बाहुल्या मांडल्या नव्हत्या. खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणले होते. आज गोव्यात आणि वसईत मुले गव्हाणीच्या देखाव्यासाठी चार-आठ दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरतात, म्हणजे सणापर्यंत हिरवळ उगवते. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण हळीव पेरतो ते याहून काय निराळे? किल्ल्यावर शिवाजीमहाराज सिंहासनावर बसतात, तेथे बाळ येशू गवतावर. बाजारात दिवाळीनंतर आकाशकंदील उतरतात आणि त्याच काठीला तारा चढतो. कागदाचा अनेक टोकांचा तारा करण्याची कल्पना जर्मनीतील मोरेव्हियन पंथाच्या शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाली. म्हणे मुलांना भूमिती शिकवण्यासाठी!

फराळाचीही तीच कथा. माझ्या मैत्रिणीच्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि अनारसे होतात; केक होतो, पण तो विकत आणतात आणि आजी त्याला हात लावीत नाही. गोव्यात करंजीची 'नेवरी' होते, आणि तिच्या जोडीला दोदोल, बिबिंक, कुलकुल. ताटात हे सारे घालून शेजाऱ्यांकडे पाठवायचे, त्या ताटाला 'कुस्वाद' किंवा 'कुन्स्वाद' म्हणतात; तो शब्द पोर्तुगीज 'कोन्सोआदा'चा, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाचा. ताट हिंदू शेजाऱ्याकडे जाते आणि चतुर्थीला भरून परत येते. रिकामे भांडे परत करू नये हा नियम कोणत्या धर्मग्रंथात आहे ते मला ठाऊक नाही.

झाड आणि सांताक्लॉज यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यांची जाहिरात पुष्कळ झाली आहे. सजवलेल्या झाडाची चाल जर्मन मुलखातली. स्ट्रासबर्गमध्ये १६०५ सालची नोंद आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली लंडनच्या साप्ताहिकात छापून आले आणि ती फॅशन झाली. आपल्याकडे देवदार कोठून आणणार? मग सुरूच्या फांदीवर भागवतात, आणि ती दिसतेही छान. सांताक्लॉज म्हणजे चौथ्या शतकातील मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी आख्यायिका आहे. म्हणजे या जगन्मान्य आजोबांच्या कीर्तीच्या मुळाशी हुंडा आहे! डच लोकांनी त्याला न्यूयॉर्कला नेले, तेथे १८२३ च्या एका कवितेने त्याला हरणांची गाडी दिली, १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने पोट आणि दाढी दिली. कोकाकोलाने त्याला तांबडा डगला शिवला असे सांगतात ते खरे नाही. त्यांच्या जाहिराती १९३१ च्या, डगला त्याआधीच तांबडा झालेला होता.

राहता राहिले तीन राजे. बायबलात ते राजे नाहीत, ज्ञानी लोक आहेत, आणि तीन असल्याचेही लिहिलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी म्हणून माणसे तीन. त्यांचा सण ६ जानेवारीला. गोव्यात मांडवीकाठी रेइश मागुश येथे, चांदोरला आणि कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर तो मोठ्या थाटाने होतो. कुएलीला आसपासच्या तीन गावांतली तीन मुले राजवेष करून घोड्यावर बसतात आणि निरनिराळ्या वाटांनी टेकडी चढून रेमेदियस मातेच्या कपेलाकडे येतात. वाटेत गावकरी उभे असतात, वाजंत्री असते, खाली जत्रेची दुकाने मांडलेली असतात. नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मुकुट, अंगावर जरीचा झगा आणि खाली चुळबुळणारा घोडा! त्याची आई घोड्याच्या बाजूने चालताना मुकुटाकडे पाहत असेल की लगामाकडे, ते सांगण्याची जरूर नाही. तेथून आठ दिवसांनी इकडे संक्रांतीचे तिळगूळ सुरू होतात.